फौजेचा दाणागोटा



लष्कराचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे लढाईपासून सुरू होते. मी आज घोड्याच्या चंदीपासून सुरुवात करणार आहे. एका घोड्याला दिवसाला ४ किलो चंदी धरू. हरभरा म्हणा, कुळीथ म्हणा, वैरण वेगळी. १०,००० घोड्यांच्या फौजेला रोज ४०,००० किलो दाणा लागला. लादणीच्या बैलावर १२५ किलोंची गोणी धरली, तर रोज ३२० बैलांचे ओझे संपते आणि महिन्याला ९,६०० बैलांचे. हे आकडे माझे, अंदाजाचे आहेत. पण हिशेब कुणीही कागदावर मांडून पाहावा, फार फरक पडणार नाही. यात माणसांचे पीठ-मीठ आलेले नाही. बाजारबुणगे, हत्ती, उंट, तोफा ओढणारे बैल यांचे तर नावच घेतलेले नाही. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला वाटेत वंजाऱ्यांचा एक तांडा भेटला. त्यात १४,००० बैल होते, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. एवढा अफाट तांडा सगळाच्या सगळा चंदी घेऊन आला, तरी आपल्या १०,००० घोड्यांना तो दीड महिनासुद्धा पुरत नाही.

हा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का आहे, तो मोहीम आखू शकतो. ज्याच्या डोक्यात नाही, तो लढाई आखतो, आणि मोहीम त्याच्या हातून निसटते. मराठ्यांच्या राज्यात हिशेब ठेवणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. तरीही आपल्या फौजा उपाशी का राहिल्या, हा आजच्या व्याख्यानाचा प्रश्न आहे. तो धार आणि देवास इथेच विचारायला हवा, कारण या दोन गाद्या जन्मालाच आल्या त्या फौजेची तरतूद म्हणून.

आपण सगळे हा इतिहास जाणता, म्हणून थोडक्यात सांगतो. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला चिमाजीअप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर आणि दया बहादूर यांना मारले. अमझेरा आज याच धार जिल्ह्यात आहे. उदाजी पवार त्या मोहिमेत होते. पुढे माळव्याची वाटणी झाली, ती शिंदे, होळकर आणि पवार यांच्यात. उदाजी १७३१च्या डभईच्या प्रसंगात सेनापती दाभाड्यांच्या बाजूला गेले आणि पेशव्यांच्या मर्जीतून उतरले. धार त्यांचे बंधू आनंदराव यांच्याकडे आले. देवास तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांकडे गेले. त्यातून थोरली पाती आणि धाकटी पाती झाल्या. गाव एक, राजे दोन, आणि कारभारही दोन.

या सगळ्याला कागदोपत्री नाव होते सरंजाम. सरंजामदाराला अमुक महाल, अमुक गावे लावून दिली जात. त्या उत्पन्नातून त्याने ठरलेल्या संख्येची पथके बाळगायची आणि हुकूम येताच हजर करायची. घोडी चांगली हवीत, शिलेदार हत्यारबंद हवेत. गणती घेतली जाई, आणि हजेरीत माणूस किंवा घोडे कमी भरले तर तेवढी रक्कम कापली जाई. सरंजामदाराने एकट्याने उत्पन्न गिळंकृत करू नये म्हणून त्याच्या दरबारी दिवाण, फडणीस, मजुमदार असे दरकदार सरकारातून नेमलेले असत. त्यांना सरंजामदाराने परभारे काढून टाकायचे नाही, असा दंडक होता. खर्च करणारा एक आणि हिशेब लिहिणारा दुसरा, त्याचे इमान तिसऱ्याच ठिकाणी. आज मोठमोठ्या कंपन्या ज्याला अंतर्गत लेखापरीक्षण म्हणतात, त्याची ही जुनी आणि मजबूत रीत होती. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड चाळले तरी कळते की आमच्या पूर्वजांना पै-पैचा हिशेब ठेवता येत होता.

पण या हिशेबाचे तोंड मागे होते. किती वसूल आला, किती खर्ची पडला, कोणाकडे किती बाकी राहिली, हे फडावरचा कारकून अचूक सांगे. पुढच्या मार्गशीर्षात १०,००० घोडी चंबळेपलीकडे असतील, त्यांची चंदी कुठून उचलायची, हे सांगण्याची जबाबदारी मात्र कुणाच्याच दरकात नव्हती. धारचा सरंजामदार आपल्या पथकांपुरते पाही, देवासच्या दोन पात्या आपापल्या पथकांपुरते पाहत, शिंदे-होळकर आपापले. नकाशा पाहा. धार नर्मदेच्या उतारापासून आणि मांडवच्या घाटापासून जवळ आहे. देवास दख्खनेतून आग्र्याला जाणाऱ्या वाटेवर आहे, आजचा मुंबई-आग्रा रस्ताही तिथूनच जातो. उत्तरेकडे जाणाऱ्या प्रत्येक फौजेला माळव्याच्या काळ्या मातीवरूनच जावे लागे, आणि गहू, हरभरा, ज्वारी देणारी माती होती ती. धार, देवास, सिहोर, सिरोंज अशा टप्प्यांवर सरकारी कोठारे भरून ठेवली असती, तर उत्तरेच्या मोहिमेचा निम्मा भार हलका झाला असता. तशी कोठारांची साखळी उभी राहिली नाही. मुलूख वाटून टाकला होता, आणि वाटलेल्या मुलखात सगळ्यांसाठी धान्य साठवण्याचे काम कुणाचेच राहत नाही.

शिवछत्रपतींच्या काळी हे असे नव्हते, याचा एक कागद आपल्याकडे आहे. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती. तिथल्या जुमलेदारांना महाराजांचे जे पत्र गेले, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. पावसाळ्याच्या बेगमीसाठी ठेवलेला दाणा आणि गवत आताच मनास येईल तसे उडवाल, तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी भाजीपाला. मग रयतेला वाटेल की यापेक्षा मोगल बरे. पत्र इथेच थांबत नाही. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल, सगळे गवत जळेल आणि मग काहीही केले तरी घोडी वाचायची नाहीत, हेही त्यात आहे. स्वराज्याचा धनी उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो आहे. कोकणातल्या घरात आगोटीची बेगमी करणारी गृहिणी ज्या नजरेने कोठीकडे बघते, तीच ही नजर. चैत्र-वैशाखातच आषाढ दिसतो तिला. पत्रात हिशेब आहे, पण त्याचे तोंड पुढे आहे. शिवाय एकाच कागदावर घोडा, गवत, शिपाई, कुणबी आणि राज्याची अब्रू या पाचही गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. लष्करी नियोजनावरचा याहून नेमका मराठी कागद माझ्या पाहण्यात नाही.

महाराजांनी शिपायाला रोख पगार दिला, वतने देण्याचे टाळले. राजाराम महाराजांच्या काळी, औरंगजेब छाताडावर बसलेला असताना, खजिन्यात पैसा नव्हता म्हणून सरंजाम देणे भाग पडले. त्यावेळी दुसरा इलाजच नव्हता, हे मान्य करायला हवे. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनांच्या धोक्याची जाणीव करून दिली, पण गाडा त्याच चाकोरीतून पुढे गेला. अडचणीच्या दिवसांत काढलेली वाट पुढे सोयीच्या दिवसांतही तशीच ठेवली गेली, हे आपले खरे दुखणे. सरंजामाने फौज वाढली, मुलूख वाढला. त्याबरोबर कर्जही वाढले. पहिल्या बाजीरावांनी धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत सावकारांचा तगादा जागोजाग दिसतो. विजयी सेनापती कर्जाच्या विवंचनेत असतो तेव्हा पुढची मोहीम कुठे काढायची हे शत्रू पाहून ठरत नाही, सावकाराची मुदत पाहून ठरते.

आता पानिपत. त्यावर बोलायला मी धजावतो, कारण धारच्या यशवंतराव पवारांनी १४ जानेवारी १७६१ला तिथे देह ठेवला. धारचे ते ऋण आहे. १७६०च्या मार्चात सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, फौज घेऊन परतूडहून निघाले. लढवय्यांबरोबर यात्रेकरू होते, बायकामुले होती, बाजार होता. ऑगस्टच्या आरंभी दिल्ली हाती आली तेव्हा पगार भागवायला दिवाण-ए-खासच्या छताचा चांदीचा पत्रा उतरवून नाणी पाडावी लागली. मोहिमेच्या पाचव्या महिन्यात शिपायाच्या तनख्यासाठी बादशाही छत उतरवावे लागते, याचा अर्थ निघतानाच तरतूद तोकडी होती. १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतले. तिथे अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीसाठी साठवलेले धान्य सापडले, आणि छावणीला बरे दिवस आले. पण ते शत्रूचे कोठार होते, आपले नव्हे. आठ-दहा दिवसांत अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि दिल्लीची वाट त्याच्या ताब्यात गेली.

इथे मला गोविंदपंत बुंदेल्यांविषयी बोलायचे आहे. आपल्या कथांमधून या माणसावर अन्यायच झाला आहे. ते हाडाचे मामलेदार. गंगा-यमुनेमधल्या अंतर्वेदीतला वसूल गोळा करणे आणि पुण्याला भरणा करणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. वय साठीच्या पुढे गेलेले. भाऊसाहेबांची त्यांना पत्रांवर पत्रे गेली. पैसा पाठवा, धान्य पाठवा, नावा जमवा, अब्दालीची रसद मारा. एका माणसाकडून खजिनदार, कोठावळा, नावाड्यांचा मुकादम आणि गनिमी सरदार अशी चारही कामे एकदम मागितली गेली. वर बाकीच्या हिशेबाचे जुने ठपके त्यांच्या माथ्यावर होतेच. डिसेंबर १७६०त रसद मारण्याच्या कामावर असताना अफगाणांनी गाठून त्यांना ठार केले, आणि छावणीचा दाणा तुटला. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी तर अंधारात वाट चुकून अब्दालीच्या गोटात शिरली आणि कापली गेली. गोविंदपंतांना कामचुकार ठरवून आपण मोकळे होतो. माझे म्हणणे असे की संकट कोसळल्यावर पुरवठ्याची यंत्रणा पत्रे लिहून उभी करता येत नाही. पानिपतावरच्या उपासमारीची कारणे १७६०च्या डिसेंबरात शोधू नयेत. मुलूख वाटताना कोठारांचा विचार झाला नाही, त्या वर्षांत ती शोधावीत.

आपल्याच माणसांनी याहून वेगळे करूनही दाखवले होते. महादजी शिंद्यांनी डी बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाती कवायती पलटणी दिल्या, त्यांच्या खर्चाला दुआबातला मुलूख तोडून दिला, आणि त्याचा वसूल त्यानेच नीट बघावा असे ठरवले. पगार महिन्याच्या महिन्याला मिळे. जखमीला भरपाई मिळे. आग्र्याला तोफा ओतण्याचा कारखाना चालू झाला. १७९०त पाटण आणि मेडता या लढाया त्या पलटणींनी मारल्या. त्यांच्या शिस्तीचे फार कौतुक होते. त्या शिस्तीखाली महिन्याचा पगार होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. ज्या फौजेत पगार तुंबे तिथे शिपाई सरदाराच्या डेऱ्यापुढे धरणे धरून बसत, त्याला जेवू देत नसत. अशी फौज उद्या कूच करील की नाही, हे सेनापतीलाही सांगता येत नसे. आणि ऐकायला कडू वाटेल, पण सांगतो. १८०३त इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला घेतला तो आधी साठ्याचे ठाणे करायला. म्हैसूरचे बैल आणि वंजाऱ्यांचे तांडे त्याने आधीच बांधून घेतले होते. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. त्या लढाईत मराठी तोफा उत्तम चालल्या, गोलंदाज तोफांजवळ मेले. फरक पाठीमागे होता.

याच माळव्यात, महिदपूरला, २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांची फौज हरली. आदल्या रात्री त्याच फौजेतल्या लोकांनी होळकरांचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना क्षिप्रेकाठी मारले होते. ज्या फौजेचा धनी आणि कारभारी एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, तिची पुरवठ्याची व्यवस्था कशी असणार? लगोलग मंदसोरचा तह झाला, देवासचा झाला, १८१९च्या जानेवारीत धारचा झाला. सर जॉन माल्कमने महूला छावणी घातली. ती आजही आहे, धारेपासून तासाभराच्या वाटेवर. आज तिथल्या आर्मी वॉर कॉलेजात आपल्या सैन्याचे अधिकारी मोहिमा आखायला शिकतात.

त्यामुळे विषय आपोआप आजच्या काळावर येतो. २०१६ साली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी लेफ्टनंट जनरल द. बा. शेकटकर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. लढणाऱ्या भागाची ताकद वाढवायची आणि मागच्या भागाचा खर्च नीट लावायचा, हे तिचे काम. डिसेंबर २०१६त अहवाल गेला. पुढच्या ऑगस्टात सरकारने त्यातल्या ६५ शिफारशी मान्य केल्या. सुमारे ५७,००० माणसे इकडून तिकडे वळवायचे ठरले. सिग्नल, आयुधभांडारे, दुरुस्तीच्या कार्यशाळा, लष्करी टपाल, वाहतूक, सगळीकडे फेरमांडणी सुरू झाली. ३९ लष्करी गोशाळा बंद करायचे ठरले. पहिली १८८९ साली अलाहाबादला निघाली होती, शेवटचे दार २०२१च्या मार्चात बंद झाले. गोशाळांबद्दल काहींना हळहळ वाटली. मला तो निर्णय योग्य वाटतो. छावणीच्या दारात चांगले दूध मिळत नव्हते म्हणून गोशाळा निघाल्या. आज पुण्यातल्या किंवा महूतल्या छावणीला दूध कुठलाही दूधसंघ पुरवील. गोठ्यावर अडकलेला जवान त्याच्या मूळ कामाला लागणे चांगलेच.

पण हा दाखला सगळीकडे लावायचा नाही, आणि माझा खरा आग्रह इथे आहे. बाजार जे कोणत्याही दिवशी देतो ते बाजारावर सोडावे. बाजार जे ऐन युद्धात देणार नाही ते स्वतःच्या कोठारात हवे, मग ते ठेवायला कितीही महाग पडो. वंजारी तांडा शांततेच्या दिवसांत उत्तम व्यवस्था होती. वाट मोकळी आणि रोकड हातात असेपर्यंत तो येत राही. वाट तुटली की तांडा थांबला, आणि मग छावणीत किंमत मोजूनही दाणा मिळेना. दारूगोळ्याचे तसेच आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७त संसदेपुढे ठेवलेल्या अहवालानुसार सप्टेंबर २०१६त दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार घनघोर लढाईच्या १० दिवसांनाही पुरणारे नव्हते. राखीव साठ्याचे ठरलेले प्रमाण होते ४० दिवसांचे. हे आकडे एकट्या कारखान्याचे किंवा एकट्या दलाचे अपयश सांगत नाहीत. मागणी नोंदवणारा, माल करणारा, तपासणारा आणि पैसे मंजूर करणारा, प्रत्येकाचा कागद बिनचूक असूनही साठा कमी पडतो, हे ते सांगतात. पेशव्यांच्या फडावर हेच झाले.

१ ऑक्टोबर २०२१ला आयुधनिर्माणी मंडळ मोडून ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या केल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यात बसते, यंत्र इंडिया नागपुरात. खडकी, देहूरोड, वरणगाव, भंडारा, भद्रावती, इकडे इटारसी, या गावांतल्या कित्येक मराठी घरांच्या दोन-तीन पिढ्या या कारखान्यांत गेल्या आहेत. देवासकरांना हा बदल परका वाटू नये. देवासचा नोटांचा छापखाना २००६ सालीच सरकारी खात्यातून कंपनीत आला. कंपनी झाल्याने खर्चाचा ताळेबंद स्वच्छ होतो, निर्णय लवकर होतात, बाहेरच्या देशांना माल विकता येतो. हे सगळे फायदे खरे आहेत. मात्र कंपनीचा संचालक वर्षाच्या नफ्यावर मोजला जातो, आणि युद्धासाठी ठेवलेला यंत्राचा रिकामा वेळ, न वापरलेले कोठार, जादा शिकवलेला कारागीर त्याच्या ताळेबंदात तोटा म्हणून दिसतो. तो तोटा कुणाच्या नावे लिहायचा, हे सरकारने स्वच्छ सांगितले पाहिजे. संरक्षणखात्याने तो उघडपणे, नाव घालून, आपल्या अंदाजपत्रकात धरावा. नाहीतर ऐन वेळच्या क्षमतेवर पाणी सोडून ताळेबंद सुंदर करण्याचा मोह चांगल्यातल्या चांगल्या अधिकाऱ्याला होईल.

लडाखचे उदाहरण मला आशादायक वाटते. झोजी घाट बर्फाने बंद होण्यापूर्वी तिकडच्या सैन्याचे सहा महिन्यांचे रॉकेल, पीठ, डाळ, तंबू, औषधे वर पोचवावी लागतात. २०२०त गलवानच्या चकमकीनंतर हजारो जादा जवान वर गेले, आणि त्यांचा हिवाळा त्याच उन्हाळ्यात आखावा लागला. ते काम झाले, कारण तिथे साठवण आणि मोहीम एकाच टेबलावर ठरते. चिपळूणच्या छावणीतला आषाढ आणि लडाखचा पौष यांचा हिशेब एकच आहे. हाच हिशेब आपल्या दाराशीही लागू आहे. पीथमपूर धार जिल्ह्यातले. तिथे गाड्या बनतात, नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटरच्या वेगमार्गावर त्यांची चाचणी होते. तिथेच कारखाना असलेल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सला २०२५त सैन्याची २,९७८ गुरखा गाड्यांची मागणी मिळाली. गाडी घेणे सोपे असते. पंधरा वर्षांनी त्या गाडीचा क्लच प्लेटचा सुटा भाग तवांगच्या कार्यशाळेत कोणत्या फळीवर असेल, हे गाडी घेण्याच्या दिवशीच ठरवणे म्हणजे नियोजन. ते काम जिल्ह्यातल्या लहान कारखानदारांनाही कळले पाहिजे, कारण तो सुटा भाग त्यांच्याकडूनच जाणार आहे.

शेवटी एक मागणे आहे, आणि ते इथल्या महाविद्यालयांकडे आहे. धार आणि देवासच्या दोन्ही पात्यांच्या फौजेचे जमाखर्च, हजेरीपट, कोठीचे कागद मोडीत पडून असतील, तिथे मोडी वाचणारा एक जाणकार आणि वाणिज्य शाखेची पाच-सहा मुले बसवा. महूतल्या एखाद्या निवृत्त पुरवठा अधिकाऱ्याला सोबत घ्या. मुलांना एकच काम द्या. १७६०च्या मार्चात परतूडहून निघालेल्या फौजेची परतूड ते दिल्ली रोजची चंदी, रोजचे पीठ, लागणारे बैल आणि लागणारी रोकड, टप्प्याटप्प्याने मांडा. नर्मदा उतरल्यावर माळव्यातल्या कोणत्या ठाण्यावर किती खंडी धान्य ठेवायला हवे होते, आणि ते ठेवायचा खर्च पवारांच्या सरंजामाच्या वसुलाचा कितवा हिस्सा झाला असता, तेवढे काढा. पुढच्या वर्षी या व्यासपीठावर बाहेरचा वक्ता बोलावण्याऐवजी तो ताळेबंद त्या मुलांनी वाचून दाखवावा.